ठकाईच्या खिंडीतले थंड दगड

पौषातल्या दुपारी सगळा कातळ उन्हाने तापलेला असतो, पण ठकाईच्या खिंडीतल्या काळ्या दगडांच्या राशीला हात लावला तर बोटे बधिर होतात. शहरातून येणारे भटके त्या राशीवर बसून फोटो काढतात आणि त्यांना वाट दाखवणारे वाडीचे धावजी आबा त्यांना उठवतात.

एके दिवशी धुके होते. एक तरुण दमलेल्या बायकोची सॅक छातीशी बांधून झपाझप खिंडीत आला.

"बायकोचं ओझं घेतलंस, बेस केलंस," आबा म्हणाले. "मग तिच्या पुढं का चाललास?"

"येतेय की ती मागून."

"कुठंय? दाखव."

धुक्यात बोट कुठे दाखवावे, त्याला कळेना. ती कुडकुडत येऊन पोहोचेपर्यंत आबांनी कुणाला हलू दिले नाही. मग त्यांनी जे सांगितले, ते असे.

वरच्या गडावर, म्हणे, एक किल्लेदार होता. त्याला थंडी सोसवत नसे. वाडीतल्या माणसांना सोसवते का, हे त्याने कधी विचारले नाही. पौष लागला की वेठीचा हुकूम सुटायचा: घरटी एकाने कोळशाचे पोते गडावर पोहोचवायचे. झाडे यांनी तोडायची, भट्टी यांनी लावायची, आणि ऊब किल्लेदाराला.

वाडीत बुधा नावाचा गडी होता. त्याची थोरली बहीण ठकू विधवा, शेजारच्या खोपटात एकटी राहायची. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते. त्या पौषात ती तापाने फणफणली होती. बुधाने शिपायाच्या हातापाया पडून पाहिले. शिपाई म्हणाला, "कण्हायला तोंड आहे ना? मग चालायला पायही असतील."

चढावर ठकूचा श्वास पुरेना. बुधाने तिचे पोते घेतले; एक पाठीला, एक डोक्यावर.

"दोन-दोन पोती! बायकोनं आज भाकरीला तूप लावलं होतं वाटतं," ठकू हसली. मग खोकली. त्याच्या डोक्याला पोते खुपू नये म्हणून तिने अंगावरचे कांबळे काढून त्याची चुंबळ केली. "तू हो पुढं. उशीर झाला तर तो मेला तुझी चामडी सोलील."

"आक्का, मागं राहू नको हां."

"येते रे. कुठं जाते मी?"

गडाच्या दारात जमादाराने पोती मोजली. पुरी भरली. सूर्य टेकला होता. सगळ्यांना आत घेऊन त्याने दार लावायला सांगितले.

"थांबा," बुधा म्हणाला. "माझी आक्का मागं राहिलीय."

"तिचं पोतं आलं?"

"आलं, पण..."

"मग ती आली."

तिचे पोते आणून बुधाने स्वतःच तिला मोजणीत भरले होते. त्याने दारावर डोके आपटले, शिव्या दिल्या, पाय धरले. दार उजाडल्यावर उघडले. तो खिंडीपर्यंत धावत आला. ठकू कातळाला टेकून बसली होती, तोंड गडाकडे. केसांवर दव गोठून पांढरे झाले होते. कांबळे बुधाच्या हातात होते.

"पायथ्याच्या पाटीवर लिहिलंय, ठकाईनं डोंगराला देह वाहिला," आबांचा आवाज चढला. "वाहिला म्हणे! असं लिहिलं की कुणाला जाब द्यावा लागत नाही. तिला मरायला सोडलं होतं."

त्या दिवसापासून गडावर कोळसा पेटेना, असे सांगतात. शिपायांनी फुंकून फुंकून डोळे लाल केले. किल्लेदाराने शेगडी बदलली, वेठ्यांना फटके मारले. ठिणगी धरेना. शेवटी भेदरून त्याने सगळी पोती उचलायला लावली. वेठ्यांनी ती ठकू बसली होती तिथे रिकामी केली आणि एका रात्रीत त्या कोळशाचा दगड झाला. शिमग्याआधीच किल्लेदार गड सोडून गेला. ठकू मात्र परत आली नाही. बुधाने पुढे जन्मभर लोकांची ओझी वाहिली, पण ज्याचे ओझे घेतले त्याच्या पुढे पाऊल टाकले नाही. खिंडीत तो थांबायचा आणि एकेकाला नावाने हाक मारायचा.

आबांची गोष्ट संपली. तो तरुण खाली बसला होता. त्याने छातीवरची सॅक उघडली. बायकोचे स्वेटर तिच्यातच होते. ते त्याने तिला घातले आणि तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

आजही त्या खिंडीत दुसऱ्याचे ओझे घेणारा त्याच्या मागून चालतो. आजही उतरण्याआधी प्रत्येकाचे नाव पुकारतात आणि प्रत्येकाला ओ द्यावी लागते. शेवटचे नाव ठकूचे. तिची ओ येत नाही, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही, कितीही गारठा असो, त्या हाकेनंतर सगळे थांबतात.