आजोबांचा धोंडा

कासारवाडीच्या इनामदारांनी बंगल्यासाठी माळावरची जागा साफ करायला घेतली. बाभळी तोडल्या, निवडुंग जाळलं आणि त्या गडबडीत हद्दीचा धोंडा हळूच शेजारच्या चंद्राक्काच्या रानात दहा हात आत सरकवला.

अक्का पंचांना घेऊन आली. इनामदार मिशीवर ताव देत म्हणाले, "हा धोंडा माझ्या आजोबांनी इथं बसवलाय. तेव्हापासून जागचा हललेला नाही!"

पंच गप्प. इनामदारांच्या पंगतीला जेवलेली तोंडं ती, उघडणार कशी?

अक्कानं मात्र हात जोडले. "मग माझंच चुकलं, सरकार. पण एवढ्या थोर माणसाच्या हातचा धोंडा असा मातीनं माखलेला बरा दिसत नाही. उचलून धुऊ, शेंदूर लावू आणि पुन्हा इथंच बसवू."

इनामदार खूश झाले. त्यांनीच गडी बोलावून धोंडा उलथवला. खालचं गवत चेपलेलं होतं, पण हिरवंगार.

अक्कानं त्यातली एक काडी खुडली आणि इनामदारांच्या हातावर ठेवली.

"धन्य तुमचे आजोबा, सरकार! त्यांनी दाबलेलं गवत अजून सुकलं नाही."