तान्हाबाईच्या रानातलं पहिलं तास

मोनाजी महाराज तेव्हा घोटखोऱ्यातल्या जांभरे गावी, ओढ्याकाठच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. खोऱ्यातली माणसं मोठी तिरसट! हातभर बांधासाठी डोकी फोडतील आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरच्या मयताला खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या वाडवडिलांनी जंगल तोडून रानं केली, ती एकमेकांचे बैल जुंपून. म्हणून तिथे इर्जिकीची रीत पडली. नांगरटीला सारं गाव आपापली औतं घेऊन एकत्र यायचं आणि पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, ज्याच्या दारात बैल नाही त्याच्या रानात निघायचं. रीत मोठी गोड होती हो!

त्या वर्षी तान्हाबाईच्या दारात बैल नव्हता. नवरा आधीच गेलेला, आणि उरलेला एकुलता बैल उन्हाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. बाई रोज महाराजांची जागा झाडायची, टाळ घेऊन अभंग म्हणायची. रान नांगरलं नाही तर तिला गाव सोडावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इर्जिकीच्या सकाळी हलगी कडाडली, औतं निघाली. पण रंभाजी पाटलाला मोठेपणाचा वारा लागलेला. त्याने सगळी औतं शेजारच्या आपल्या रानात वळवली. तान्हाबाई पदर पसरून म्हणाली, "दादा, पहिलं तास माझ्याकडं असतंय न्हवं?"

"आणि फिरून तू आम्हाला काय देणार? टाळ?" रंभाजी हसला. "एवढी भक्ती करतीस, तर जुंप की तुझ्या महाराजांना!"

चारजण फिदीफिदी हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. खरं सांगतो भाविकहो, मला पाटलापेक्षा त्या गप्प बसणाऱ्यांचाच राग जास्त येतो.

हे सगळं ऐकत बसलेले महाराज उठले. तान्हाबाईच्या रानात जाऊन त्यांनी जू उचललं आणि आपल्या मानेवर घेतलं. म्हणाले, "बाई, नांगर धर."

"नको, महाराज, नको!" ती कळवळली. पण महाराजांनी ओढायला सुरुवात केलीच. फाळ मातीत धसला आणि त्यांच्या मानेवर लालभडक वळ उठला. तान्हाबाईने नांगर सोडून दिला. "देवाच्या मानेवर जू ठेवून पिकलेला घास मला गिळायचा न्हाई," असं म्हणून ती रडत रडत घाटाच्या वाटेने माहेराकडे निघाली. महाराजांनी तिला अडवलं नाही.

आणि काय नवल! पाटलाच्या रानात एकेक बैल मटकन खाली बसला. आसूड ओढले, शेपट्या पिरगाळल्या, पण एक बैल उठेल तर शपथ! मग महाराज म्हणाले, "या रे लेकरांनो." तसे सगळे बैल औतासकट उठले, बांध ओलांडून तान्हाबाईच्या रानात आले आणि हाकणारा नसताना सरळ तासं काढू लागले. दुपारपर्यंत सारं रान नांगरून झालं. जिचं रान, ती मात्र घाटापलीकडे गेली होती.

रंभाजी महाराजांच्या पायांवर कोसळला. "चुकलो, महाराज!"

महाराजांचे डोळे भरून आले. "बैल देवाने उठवले, रंभाजी. उठून गेलेलं माणूस तुलाच आणावं लागेल."

दुसऱ्या दिवशी पाटील अनवाणी घाट चढला. पलीकडच्या वाडीत तान्हाबाई भावाच्या दारात भात कांडत होती. "आक्का, चल," तो म्हणाला. "तुझं रान नांगरून तयार आहे. पेरणी मी स्वतः करून देतो."

तिने आधी त्याला पाणी दिलं. मग म्हणाली, "राग न्हाई, दादा. तुम्ही एवढं चालत आलात, त्यातच सगळं आलं. पण त्या रानात पाय ठेवला की महाराजांच्या मानेवरचा वळ दिसंल मला. न्हाई यायची मी."

पाटलाने परोपरीने विनवलं. शेवटी भर दुपारी, सगळ्या वाडीदेखत, त्याने तिच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. तान्हाबाईने त्याला उठवलं, पोटभर जेवू घातलं, वाडीच्या वेशीपर्यंत पोचवलं. वेशीच्या पुढे मात्र ती आली नाही.