ताडपत्रीखालचा दगड

चूक म्हाताऱ्याची होती. आर्मेनियातल्या ग्युमरी शहरात अर्शाविरचं नाव काढलं की लोक टोपी काढतात. चौकातला घोडा त्याने घडवलेला, थिएटरपुढची नाचणारी बाई त्याचीच. सगळे त्याला वारपेत म्हणतात. तिकडे उस्तादाला तसं म्हणतात. तरी चूक त्याचीच. त्याच्या शिष्याची, सेवाकची नव्हती.

“अजून दगड नाही म्हणजे कधी?” अंगणाच्या मधोमध उभा राहून सेवाक ओरडत होता. खांद्याला बॅग होती.

“हात तयार झाला की.”

“तो झाला हे कोण ठरवणार?”

“मी.”

“आणि तुम्ही कधी ठरवलंच नाहीत तर?”

वारपेत मान खाली घालून धार लावायच्या निसण्यावर छिन्नी घासत राहिला.

मोठ्यांना घाई नसतेच. वेळ दुसऱ्याचा जात असतो ना.

कॉलेजात सेवाकला वर्षभर प्लास्टरचे कान काढायला लावले होते. मग त्याने मातीत वाकलेल्या बाईची नुसती पाठ केली. प्रोफेसर म्हणाले, चेहरा कुठे आहे? सेवाक म्हणाला, ती तंदूरवर वाकलीय, चेहरा तंदुरात आहे. प्रोफेसर म्हणाले, उद्धट आहेस. सेवाक कॉलेज सोडून इथे आला, दगड मिळेल म्हणून.

मिळाला निसणा. दोन हिवाळे त्याने फक्त छिन्न्यांना धार लावली आणि संध्याकाळी वारपेतचं प्रवचन ऐकलं. प्रवचन ठरलेलं: “आपला हा गुलाबी तुफा दगड खाणीतून निघतो तेव्हा पनीरसारखा असतो. हवा लागली की आवळत जातो. ताज्या दगडाला ताटकळत ठेवू नये, पोरांनो.”

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. रुबेनमामाची व्हॅन. मामा मॉस्कोत फरश्या बसवायचा आणि भाच्याला घेऊन जायला आला होता.

“चल रे!” मामा आत डोकावला. “फरशी बसवायला हात तयार लागत नाही. गुडघे लागतात.”

सेवाक वळला... आणि कोपऱ्यातल्या ताडपत्रीपाशी अडला.

माणसाहून उंच काहीतरी तिच्याखाली कायम उभं असायचं. हिवाळ्यात शिष्यांनी तिच्यावरचा बर्फ झाडायचा, बाकी विचारायचं नाही. वारपेतच्या मोठ्या कामाचा दगड आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

सेवाकने बॅग फेकली आणि दोऱ्या ओढायला सुरुवात केली.

“हात लावू नकोस!”

दोन हिवाळ्यांत वारपेतचा आवाज पहिल्यांदा चढला. पण ताडपत्री खाली आली होती. धूळ, चिमण्यांचं घरटं, सुतळीचे तुकडे, सगळं भसाभस अंगावर आलं. मागे दगड. गुलाबी, चौकोनी, कोरा. खाणीतल्या करवतीचे ओरखडे सोडले तर एक खूण नाही त्याच्यावर!

“कधी आणला हा, वारपेत?”

“तू जन्मला नव्हतास.”

“ताज्या दगडाला ताटकळत ठेवू नये, हे मला कोण शिकवत होतं हो?”

मामाने शीळ घातली. घालायला नको होती, पण घातली.

वारपेत उठला. नुकती धार लावलेली छिन्नी त्याने दगडावर टेकवली आणि हातोडा मारला. टण्! छिन्नी घसरली. पुन्हा मारला. मांजराने ओरबाडावं तेवढी पांढरी रेघ उठली. तिसरा घाव अंगठ्यावर बसला. चौकातला घोडा घडवणाऱ्या त्या दंडात आता जोर उरला नव्हता.

मामा आपल्या बुटांकडे बघू लागला.

वारपेतने छिन्नी पुढे केली. “घे.”

“माझा हात तयार नाही,” सेवाक म्हणाला. मुद्दाम म्हणाला.

“नाहीच आहे. घे.”

सेवाकने घेतली. प्रोफेसरांवरचा राग, म्हाताऱ्यावरचा राग, त्या निसण्यावरचा राग, सगळा त्या एका घावात घातला. सुपारीएवढी कपची उडाली आणि मामाच्या टोपीवर जाऊन आदळली. आत दगड ओला वाटावा इतका लाल होता!

सेवाक मोठ्याने हसला. कोट काढला आणि फेकला. आणखी एक घाव. आणखी एक. हात मुंग्यांनी भरला तरी थांबेना. ती पाठ तिथेच होती, आतच, त्याला खांद्याची कड दिसतसुद्धा होती.

“येतोस की नाही? सरहद्दीवर रांग लागते!”

“मग जा!”

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. तोवर व्हॅन वळली होती. “काम दुसऱ्या कुणाला मिळालं तर माझ्यापुढे रडू नकोस!” मामाचा आवाज गल्लीभर ऐकू आला.

खांदा निघाला. मग मान. मग एक घाव चुकला आणि कोपर उडून गेलं. सेवाकने दगडाला एक सणसणीत शिवी दिली आणि कोपराशिवाय पुढे निघाला.

वारपेत पडलेल्या ताडपत्रीवर बसला होता, दुखरा अंगठा तोंडात धरून. थोड्या वेळाने त्याला राहवेना. “डावीकडून घे! अजून डावीकडून!”

“गप्प बसा हो!”

वारपेत गप्प बसला. या अंगणात कुणी त्याला गप्प केलं नव्हतं. त्याचे डोळे मात्र जत्रेत आलेल्या पोरासारखे झाले होते.

ऊन भिंतीवर चढलं. सेवाकने मागे न बघताच हात मागे केला. “बोथट झाली.”

वारपेतने छिन्नी घेतली. निसण्यावर पाणी शिंपडलं आणि घासू लागला.

सेवाक धापा टाकत दगडाला टेकला. आता कुठे त्याला विचारायचं सुचलं. “वारपेत, तुम्ही याच्यातून काय काढणार होतात?”

वारपेतने पातं नखावर घासून पाहिलं आणि छिन्नी त्याच्या हातात दिली.

“हा मऊ होता तेव्हाही मी धारच लावत बसलो होतो,” तो म्हणाला. “गेला माझ्या हातचा.”