येसाक्काची बैठक

फार वर्षांपूर्वी, पाणदरे गावात जेव्हा बैलगाडीसुद्धा वर चढत नव्हती, तेव्हा तिथं येसाक्का नावाची एक म्हातारी राहायची. एकटी होती आणि तोंडाची भारी फाटकी. तिच्या दारावरून जाताना गडीमाणसंही खाली मान घालून जात. कोंबड्या तेवढ्या तिच्या लाडक्या. त्यांनाही ती शिव्याच द्यायची, पण जरा हळू आवाजात.

त्या काळी पाणदऱ्यात एक वाईट रीत होती. घरात लेकरू आजारी पडलं की देवरशी कोंबडीचं एक पिल्लू आणायला सांगायचा. ते लेकरावरून ओवाळून उतरवायचं, त्याचा एक पाय मोडायचा आणि गावाबाहेर तीन वाटा मिळतात तिथं सोडून यायचं. दुखणं पिल्लात गेलं, आता ते चालत परत यायला नको, म्हणून पाय मोडायचा. परतताना कुणी मागं बघायचं नाही, आणि ते पिल्लू कुणी उचलायचं तर नाहीच नाही.

एका वर्षी दौलूची पोर हौसा तापानं फणफणली. देवरशानं पिल्लू उतरवलं आणि पाय मोडून तिवाटेवर ठेवलं. नेमकी येसाक्का सरपणाचा भारा घेऊन तिकडून येत होती. पिल्लू ओरडत होतं. म्हातारी थांबली. रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण भारा तिथंच टाकून तिनं पिल्लू पदरात घेतलं आणि अख्ख्या गावाचा उद्धार करत घरी आली.

तिनं केरसुणीच्या काडीचे दोन बारीक तुकडे केले, पायाला दोन्हीकडून लावले आणि जुन्या लुगड्याच्या दोऱ्यानं बांधले. हळद कोमट तेलात कालवून लावली. चुलीशेजारी टोपलीत भाताचा भुसा पसरून पिल्लाला ठेवलं. बोट पाण्यात बुडवून थेंब थेंब पाजलं. पिल्लाचं अंग इतकं तापलेलं होतं की हाताला चटका बसावा. त्या दिवसापासून तिच्या बाकीच्या कोंबड्या घरात शिरेनात. दारात ओळीनं उभ्या राहायच्या, आतल्या टोपलीकडं पाठ करून. असं म्हणतात की त्या एकदाही ओरडल्या नाहीत.

इकडं हौसा बरी होईना आणि तिचं दुखणं वाढतही नव्हतं. डोळे उघडे ठेवून पडून राहायची. एकदा तिची आई तानूबाय तिला गोधडी घालत होती, तेव्हा पोर म्हणाली, "आये, चूल इझली गं. गारठा लागतोय." घरातली चूल तर धडधडा पेटलेली. त्याच वेळी येसाक्काच्या घरातली चूल विझलेली होती, हे नंतर सगळ्यांना कळलं.

हळूहळू पिल्लू पाय टेकू लागलं आणि गावात बोंब झाली. पिल्लू चालायला लागलं तर दुखणंही चालायला लागणार, आणि ते जाणार कुठं? दौलूच्याच घरी. दौलू भीतीनं पिसाळला. भर दुपारी तो येसाक्काच्या घरात घुसला आणि टोपलीतलं पिल्लू त्यानं मुठीत धरलं.

"ठेव ते खाली, मुडद्या," येसाक्का ओरडली.

"माझी पोर मरंल, आक्के. ह्याची मान पिरगाळल्याबिगर ती वाचत न्हाई."

त्यानं मूठ आवळली. तेवढ्यात तानूबाय अनवाणी धावत आली. तिला श्वास पुरेना.

"सोडा ते! पोर काळीनिळी पडलीया. म्हणतीया, आबा, मूठ सोड."

दौलूची मूठ सुटली आणि पिल्लू येसाक्कानं काढून घेतलं. भिंतीला टेकून तो लहान पोरासारखा रडला. म्हातारी त्याला पहिल्यांदाच शिवी न देता बोलली. "नुसतं दुखणं न्हाई रं धाडलं तुमी. संगं पोरगीबी धाडलीसा तिवाटंवर."

मग तानूबायही पिल्लापाशी बसू लागली. ती कण्या भिजवून भरवायची, येसाक्का पाय चोळायची. पिल्लानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा हौसा घरी उठून बसली. सगळे हरखले, येसाक्का मात्र हरखली नाही. पोर परत येतेय, तर तिच्यामागून दुखणंही येणार, हे तिनं ओळखलं होतं.

एके दिवशी दिवेलागणीला पिल्लू आपणहून टोपलीबाहेर आलं. दारातल्या कोंबड्या बाजूला सरल्या. ते लंगडत गल्लीत उतरलं आणि थेट दौलूच्या घराकडं निघालं. पिल्लू वीतभर, पण त्याच्यामागं धुळीत माणसाच्या पावलांचे ठसे उठत होते, असं म्हणतात. एक पाऊल धड आणि एक ओढलेलं. गावानं पटापट दारं लावून घेतली.

येसाक्का त्याला ओलांडून पुढं गेली. दौलूच्या उंबऱ्यावर तिनं बैठक मारली, दोन्ही पाय लांब करून दार अडवलं आणि पदर पसरला.

"आत पोर निजलीया," ती म्हणाली. "तिचा जीव जाऊ दे आत. दुखण्या, तू माझ्याकडं ये. म्हातारीला काय धाड भरलीया."

पिल्लू थांबलं. गल्लीतला वारा पडला. मग ते तिच्या पायावर चढलं आणि पदरात जाऊन बसलं.

सकाळी हौसानं भाकरी मागितली. पिल्लू अंगणात दोन्ही पायांनी माती उकरत होतं, आणि येसाक्काच्या दारातल्या कोंबड्या इतक्या दिवसांचं ओरडून घेत होत्या. येसाक्का उंबऱ्यावरच बसलेली होती. दौलूनं तिला उठवायला हात दिला. ती उठली, पण तिचा एक पाय जमिनीवर ओढत गेला. पुढं किती वर्षं ती तशी लंगडत शिव्या देत फिरली, याबद्दल एकमत नाही.

त्यानंतर पाणदऱ्यात पिल्लाचा पाय कुणी मोडला नाही. अजूनही तिथं लेकरू आजारी पडलं की गावातलं एखादं अधू, दुखावलेलं पिल्लू शोधून घरी आणतात आणि चुलीपाशी ठेवून जपतात. त्या कोंबडीला पुढं कुणी कापत नाही. पिल्लू ज्या सांजेला पहिल्यांदा चालतं, त्या सांजेला घरातल्या एकीनं उंबऱ्यावर पाय लांब करून बसायचं असतं. बाकीचे आत जातात. सकाळी ती उठते तेव्हा सगळे तिच्या पायांकडं बघतात, आणि ती लंगडली तर कुणी काही विचारत नाही.

त्या सांजेला उंबऱ्यावर आधी लेकराची आईच जाऊन बसते. मग आतून सासू येते आणि तिला दंडाला धरून उठवते. "सरक तू," म्हणते, "तुला अजून लई चालायचंय."