कोपऱ्यातली फट

लाकडं तोंड उघडून भांडायची, त्या काळातली गोष्ट. भिवा सुतार दाराच्या चौकटीभोवती शोभेच्या पट्ट्या ठोकत होता. कोपऱ्याशी येऊन तो म्हणाला, "बायांनो, दोघींनी टोकं जरा तिरकी कापून घ्या, म्हणजे सांधा नीट बसेल."

"मी का म्हणून? तिला काप!" आडवी पट्टी फणकारली.

"मी उभी आहे म्हणून हे दार उभं आहे," उभी पट्टी कडाडली. "तिलाच काप!"

दोघींनी असा थयथयाट केला की वैतागून भिवाने त्या तशाच ठोकल्या आणि तो घरी गेला. कोपऱ्यात बोटभर फट राहिली. तिथे एक पाल राहायला आली. पट्ट्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "फट हिची हो, माझी नाही!"

दिवाळी आली. घरातल्या मायलेकींनी आकाशकंदील केला. तो झाला फणसासारखा, पण सोनेरी कागद उरला.

"आई, त्या फटीवर फूल चिकटवू?" लेकीने विचारलं.

"चिकटव बाई. निदान पाल तरी दिसणार नाही."

फराळाला आलेले पाहुणे चकली हातात धरून फुलाकडेच बघत राहिले. "वा! काय कोपरा सजवलाय!"

"माझी फट आहे ती!" आडवी पट्टी ओरडली.

"तुझी कुठली? माझी!" उभी पट्टी किंचाळली.

फुलाआडून पालीने डोकं बाहेर काढलं. "निम्मी निम्मी कापून घ्या की," ती म्हणाली. "बोलावू भिवाला?"

दोघींनी तोंडं मिटली, ती आजतागायत उघडलेली नाहीत.