चाळीस तोंडांचं बीळ

पिलं धामणीने खाल्ली, पण ती एकट्या धामणीने मारली नाहीत. ज्यांनी घाईला शहाणपण म्हटलं आणि ज्यांनी बारकाव्याला, त्या साऱ्यांचे हात त्यात आहेत.

फार पूर्वी एका शेताच्या बांधाखाली उंदरांची वसाहत होती. तिला बाहेरून चाळीस तोंडं होती आणि आत बोगद्यांचं जाळं. एका सकाळी दाणे वेचायला बाहेर आलेली उंदरीण किंचाळली, "धामण आली! माझ्या पिलांकडे जाणारी तोंडं कोणती? तेवढी तरी बुजवा!"

"आत सगळं सगळ्याला जोडलेलं आहे, बाई," घूस क्षणात म्हणाली. "चाळीसच्या चाळीस बुजवा!" सगळे माती लोटू लागले. दुपारपर्यंत नऊच तोंडं बुजली.

"मावशी, हे काय उत्तर झालं?" चिचुंद्री फणकारली. "मी एकेक वळण तपासून नेमकं सांगते." वसाहतीत तोंडं बाहेरून ओळीने मोजायची रीत होती, म्हणून तिने पहिल्या तोंडापासून सुरुवात केली. ती पाचव्या तोंडात होती, तेव्हा धामण एकतिसाव्यातून आत शिरून बाहेरही पडली.

पिलांच्या खोलीत फक्त उबदार गवत उरलं होतं. उंदरीण रडलीसुद्धा नाही. ती ते गवत पंजांनी चाचपत राहिली.

"माझं उत्तर खोटं नव्हतं," घूस पुटपुटली.

"आणि माझं चुकलं नसतं," चिचुंद्री म्हणाली.

खोलीच्या भिंतीतून रातकिडा बाहेर आला. "या खोलीतून उलटं चालत निघालं, तर खोलीबाहेर जायला दोनच वाटा आहेत; तेवढ्या दोन बुजवल्या असत्या तरी पुरे होतं," तो म्हणाला. "तुम्ही सगळे बाहेरूनच मोजत बसलात."