पेवाचा राखणदार

फार जुन्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या काही घरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. अडल्यानडल्याला दोन घास मिळावेत, एवढंच त्याचं काम. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे धान्य द्यायचं आणि रोजचं वाटून उरेल ते वाईट वर्षासाठी जमिनीतल्या पेवात साठवायचं. त्यावर एक कोठारी नेमला होता.

कोठारी सचोटीचा. दाणाही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, आणि ही गोष्ट तो स्वतःच चारचौघांत सांगत फिरायचा.

एका सुगीला पेव काठोकाठ भरलं. ते कळताच लोकांनी हात आखडता घेतला. कोठारी धास्तावला. पेवात ओल शिरली, सगळं धान्य कुजलं, अशी थाप त्याने ठोकून दिली. लोक हळहळले आणि पुन्हा देऊ लागले. हे सगळं मंडळाच्या भल्यासाठीच, अशी कोठाऱ्याने मनाची समजूत घातली.

मग पावसाने दडी मारली. कुणी मागायला आलं की पेव उघडू, असं म्हणत कोठारी बसून राहिला. कुणीच आलं नाही. गावाचं बरं चाललंय, असं वाटून तो निर्धास्त झाला.

एके दुपारी टोपल्या विणणारी एक बाई आली. डोळे खोल गेलेले, चालताना पाय लटपटत होते. तिने पदरातली ज्वारी त्याच्यापुढे ओतली.

"अगं, तुलाच खायला दिसत नाही. मागायला का नाही आलीस?"

"मागायचं कसं, बाबा? पेवातलं सगळं कुजलं, असं तुम्हीच सांगितलंत. त्यानंतर जमलेलं ते कितीसं असणार? सासरे परवा गेले. आपल्या ताटातलं नातवाला देत होते, अंगात काही राहिलंच नाही. ही त्यांच्या वाटणीची. दुसऱ्या कुणाला तरी होईल."

कोठाऱ्याला तिच्याकडे बघवेना. आयुष्यभर मिरवलेल्या सचोटीची त्याला शिसारी आली. त्याने गाव गोळा केलं, पेवावरची शिळा हटवली आणि आपली थाप सगळ्यांसमोर कबूल केली.

त्या वर्षी पुढे कुणी भुकेने गेलं नाही. मंडळाने नवा कोठारी नेमला आणि दर सुगीला पेव सगळ्यांदेखत उघडायचं ठरवलं. जुना कोठारी मात्र जन्मभर त्या बाईच्या दारावरून जाताना मान खाली घालूनच जात राहिला.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी साठवलं त्यांच्यापासूनच साठा लपवणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढून घेणं.